निवासी वाहनातील आसंजके

निवासी वाहनातील आसंजके म्हणजे मुक्कामाच्या सोयींनी सज्ज केलेल्या मोटारीच्या आतील कपाटे, फळ्या, तक्तपोशी, उष्णतारोधक थर, जमिनीचे आच्छादन इत्यादी भाग पत्र्याला किंवा एकमेकांना जोडण्यासाठी वापरले जाणारे चिकट पदार्थ होत. अशा वाहनास कॅम्पर व्हॅन, कॅराव्हॅन किंवा मोटर कॅराव्हॅन असे म्हणतात. घरातील लाकूडकाम एका जागी स्थिर असते. वाहनातील जोडकाम मात्र हादरे, ऊन, दमटपणा आणि अचानक लागणारे ब्रेक सतत सोसत असते. त्यामुळे येथे आसंजकाची निवड केवळ वेष्टनावर छापलेल्या मजबुतीवरून करता येत नाही. सांधा किती हलणार, किती तापणार, त्यावर बल कोणत्या दिशेने पडणार आणि तो सुटल्यास कोणाला इजा होईल, या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून ती ठरते.

पार्श्वभूमी

भारतीय सुतारकामात पूर्वी जनावरांची कातडी व हाडे उकळून केलेला सरस वापरला जाई. सरस गरम करून लावावा लागे आणि ओल लागताच तो मऊ पडे. १९५९ पासून बाजारात आलेल्या फेव्हिकॉल या पांढऱ्या कृत्रिम रेझीन आसंजकामुळे सरस हळूहळू मागे पडला. हे आसंजक गरम करावे लागत नसल्याने सुतारांनी ते स्वीकारले आणि बोलीभाषेत कोणत्याही पांढऱ्या आसंजकाला फेव्हिकॉल म्हणण्याची पद्धत पडली. घरच्या कपाटासाठी जे चालते ते गाडीतही चालेल, हा समज या सवयीतूनच निर्माण झाला आहे.

हलणाऱ्या लाकडी रचनेला कसे जोडावे याचे उत्तर कोकण किनाऱ्यावरील होड्यांत फार पूर्वीपासून दिसते. लाकडी होडीच्या फळ्या खिळ्यांनी जोडून त्यांच्या फटींत कापूस आणि राळ-तेलाचे मिश्रण भरण्याची रीत होती. भार खिळा पेलत असे, तर मऊ भरण पाणी अडवीत असे आणि फळ्यांची थोडी हालचाल सामावून घेत असे. १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या वसईत जहाजबांधणी चाले. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव या कोळी वस्त्यांमुळे होड्यांशी या परिसराचे नाते पुढेही टिकून राहिले. निवासी वाहनाच्या जोडकामाचे आधुनिक तत्त्वही याहून फारसे वेगळे नाही. भार यांत्रिक जोडाने पेलावा आणि हालचाल लवचिक आसंजकाने सोसावी, असे ते आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. फोर्स ट्रॅव्हलर, टाटा विंगर यांसारखी मोठी वाहने आणि मारुती सुझुकी ईकोसारखी लहान वाहने मुक्कामासाठी सजविली जातात. वसई पूर्वेकडील वालीव, गोखिवरे व सातिवली येथील औद्योगिक वसाहतींत पत्रा, लाकूड आणि प्लास्टिकची कामे करणारे कारखाने आहेत. मुंबई–अहमदाबाद महामार्गही याच भागातून जातो.

सांध्यावर पडणारी बले

आसंजकाचा सांधा मुख्यतः तीन प्रकारे ताणला जातो. दोन पृष्ठभाग एकमेकांवरून समांतर सरकू पाहतात तेव्हा कर्तनबल पडते. ते एकमेकांपासून सरळ दूर ओढले जातात तेव्हा ताणबल पडते. एका कडेपासून सुरुवात होऊन थर सोलला जातो तेव्हा सोलणारे बल पडते. बहुतेक आसंजके कर्तनबल चांगले सोसतात, परंतु सोलणाऱ्या बलापुढे कमकुवत ठरतात. सोलताना संपूर्ण बल कडेवरील अरुंद रेषेत एकवटते आणि थर त्या रेषेपासून पुढे क्रमाक्रमाने सुटत जातो, हे त्याचे कारण होय.

एका चौरस मिलिमीटरला १ न्यूटन कर्तनबल सोसणारे आसंजक १० सेंमी. लांब व १० सेंमी. रुंद जागेत लावल्यास कागदावर सुमारे १,००० किलोग्रॅम भार पेलला जातो. हा आकडा दिशाभूल करणारा ठरू शकतो. तो प्रयोगशाळेतील स्वच्छ पृष्ठभागासाठी, सामान्य तापमानासाठी आणि थोडा वेळ पडणाऱ्या बलासाठी असतो. छताजवळ टांगलेल्या कपाटाचा भार कायमचा असतो, त्यामुळे आसंजक महिनोन्‌महिने अतिशय मंद गतीने सरकत राहते. शिवाय कपाटाचे वजन भिंतीपासून पुढे असल्याने त्याची वरची कड सोलली जाण्याच्याच स्थितीत असते.

जोरात ब्रेक लावल्यास वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण पाऊणपट बल पुढच्या दिशेने पडते. टक्कर झाल्यास हे प्रमाण अनेकपटींनी वाढते. वजनाच्या २० पट धक्का बसला तर सामानासह १० किलोग्रॅमचे कपाट २०० किलोग्रॅमच्या भाराप्रमाणे आपल्या आधारांना ओढते. अशा कपाटाखाली प्रवासात माणसे बसलेली असतात व रात्री झोपलेली असतात. म्हणून डोक्यावरील कोणतीही जड वस्तू केवळ आसंजकावर टांगू नये, हा या कामातील पहिला नियम मानला जातो.

उष्णतेमुळे होणारा विस्तार

उन्हाळ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या वाहनाच्या छताचा पत्रा ६० ते ७० अंश सेल्सियसपर्यंत तापू शकतो. तापमान ४० अंशांनी वाढले तर १ मीटर लांबीचा पोलादी पत्रा सुमारे ०.५ मि.मी., ॲल्युमिनियमची पट्टी सुमारे ०.९ मि.मी. आणि ॲक्रिलिकचा पत्रा सुमारे २.८ मि.मी. वाढतो. प्लायवूड उष्णतेने फारसे वाढत नाही, मात्र ओल शोषून फुगते. असे दोन भिन्न पदार्थ कडक आसंजकाच्या पातळ थराने जोडले, तर रोजच्या तापण्या-निवण्यात त्यांच्यातील फरक सांध्यावर ओढ निर्माण करतो. काही काळाने आसंजक तडकते, रंगाचा थर निघतो किंवा पत्र्याला पोक येतो. याउलट २ ते ३ मि.मी. जाडीचा लवचिक थर ही हालचाल रबराप्रमाणे सामावून घेतो. त्यामुळे अशा ठिकाणी जाड थर हा कामातील ढिसाळपणा नसून गरज असते. थराची जाडी सर्वत्र सारखी राहावी म्हणून कारागीर मध्ये रबराचे लहान तुकडे ठेवतात.

आसंजकांचे प्रकार

पांढरे कृत्रिम रेझीन आसंजक हे पॉलिव्हिनिल ॲसिटेटचे पाण्यातील पायस असते. लाकूड पाणी शोषून घेते आणि मागे उरलेले रेझीन तंतूंना धरून ठेवते. दोनपैकी किमान एक पृष्ठभाग पाणी शोषणारा असणे त्यामुळे आवश्यक असते. कपाटाचे लाकडी सांधे बाकावर शिकंज्यात धरून जोडण्यासाठी हे उत्तम होय. रंगविलेल्या पत्र्यावर ते उपयोगाचे नाही. साधा प्रकार उष्णतेने मऊ पडतो आणि ओल सोसत नाही, म्हणून वाहनासाठी पाणीरोधक प्रकार निवडावा लागतो.

संपर्क आसंजक हे कृत्रिम रबर विद्रावकात विरघळवून केलेले असते. ते दोन्ही पृष्ठभागांवर लावतात, हाताला चिकटेनासे होईपर्यंत वाळू देतात आणि मगच दाबून बसवितात. एकदा टेकल्यावर वस्तू सरकविता येत नाही. सनमायका, छताचे कापड आणि पातळ फोम यांसाठी ते प्रचलित आहे. छतासाठी उष्णतारोधक प्रकारच घ्यावा लागतो, अन्यथा उन्हाळ्यात कापड सुटून लोंबू लागते. यातील विद्रावक थर्माकोल विरघळवितात, त्यामुळे थर्माकोलच्या उष्णतारोधक तावांसाठी हे आसंजक वापरता येत नाही.

पॉलियुरेथेन आसंजक नळकांड्यातून येते आणि हवेतील बाष्पाशी रासायनिक क्रिया होऊन रबरासारखे घट्ट होते. मोटारींच्या पुढील काचा याच जातीच्या आसंजकाने बसविलेल्या असतात. ते मजबूत व लवचिक असते. काच आणि धातूवर मात्र उत्पादकाने सांगितलेला प्राथमिक लेप आधी द्यावा लागतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी त्याचा पृष्ठभाग खराब होतो.

सिलेन-सुधारित बहुवारिके बाजारात एमएस पॉलिमर या नावाने मिळतात. जपानमधील कानेका कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती बाजारात आणली. ती लवचिक असून त्यांत आयसोसायनेट नसते, वास कमी असतो आणि बहुतेक रंग त्यांवर बसतात. पत्र्याला लाकडी पट्ट्या, जमिनीचे प्लायवूड आणि भिंतीचे तक्ते जोडण्यासाठी त्यांचा वापर वाढला आहे.

सिलिकोन हे मूलतः फटी बुजविण्याचे साधन आहे. बेसिनच्या कडा आणि ओटा यांसाठी ते योग्य असते. व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार घट्ट होताना ॲसिटिक आम्ल सोडतो व पत्र्याला गंज आणू शकतो. म्हणून धातूजवळ उदासीन प्रकार वापरतात. सिलिकोनवर रंग बसत नाही. त्याचा सूक्ष्म अंश पृष्ठभागावर राहिला तर पुढे दुसरे आसंजकही तेथे नीट धरत नाही.

इपॉक्सी दोन घटक मिसळून तयार होते. कर्तनबल सोसण्यात ते श्रेष्ठ असते, पोकळी भरून काढते आणि धातूची खोबण लाकडात पक्की बसविण्यास उपयोगी पडते. मात्र ते कडक असल्याने हलणाऱ्या लांब सांध्यात तडकते. सामान्य तापमानाला घट्ट होणारी अनेक इपॉक्सी ५० ते ६० अंश सेल्सियसला मऊ पडू लागतात, ही बाब तापणाऱ्या छताबाबत महत्त्वाची ठरते.

ॲक्रिलिक फोमची दुहेरी पट्टी दाबाने चिकटते. पहिल्या २० मिनिटांत तिला सुमारे निम्मी, २४ तासांत सुमारे ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण पकड येते. कायमच्या भारासाठी प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे ५५ ते ६० चौ.सेंमी. पट्टी असावी, असा ढोबळ हिशेब केला जातो. दिव्यांच्या पट्ट्या, वायर झाकण्याच्या पट्ट्या, हलके आरसे यांसाठी ती सोयीची आहे. पॉलिथिलीन व पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकवर ती विशेष लेपाविना धरत नाही.

सायनोॲक्रिलेट, म्हणजे फेव्हिक्विकसारखी झटपट आसंजके, लहान तुटक्या भागांपुरती ठीक असतात. ती ठिसूळ असल्याने हादरे सोसू शकत नाहीत.

भागानुसार निवड

जमीन : पत्र्याच्या उंचसखल घड्यांवर लवचिक आसंजकाच्या समांतर रेषा देऊन प्लायवूड बसवितात. संपूर्ण तळावर आसंजक पसरल्यास बाष्पाने घट्ट होणारा पदार्थ मध्यभागी कच्चा राहतो, कारण हवा तेथे पोहोचत नाही. ओल सोसण्यासाठी आयएस ७१० मानकाचे मरीन प्लायवूड पसंत केले जाते.

भिंती व तक्तपोशी : वाहनाच्या सांगाड्याला लाकडी पट्ट्या रिव्हेट नट व बोल्टने बसवून मध्ये लवचिक आसंजकाचा थर देतात. त्यावर हलके तक्ते स्क्रूने लावतात. तक्ते काढता येत असल्याने मागील वायरिंग व गंज तपासता येतो.

उष्णतारोधक थर : फोमचे हलके ताव विद्रावकरहित आसंजकाने किंवा स्वतःची चिकट बाजू असलेल्या प्रकाराने बसवितात. ताव आणि पत्रा यांत पोकळी राहिल्यास तेथे रात्री बाष्पाचे संघनन होऊन पाणी साचते.

कपाटे व पलंग : कपाटाचे अंतर्गत सांधे पाणीरोधक पांढऱ्या आसंजकाने व स्क्रूने जोडतात. वाहनाशी असलेला जोड मात्र लोखंडी कोन, बोल्ट व रिव्हेट नट यांनीच करतात. येथे आसंजकाचे काम खडखडाट थांबविणे आणि भार सर्वत्र पसरविणे एवढेच असते.

आसने, सुरक्षापट्टे, गॅसची टाकी, बॅटरी आणि पाण्याची टाकी : यांच्या आधारासाठी आसंजकावर मुळीच विसंबत नाहीत.

पृष्ठभागाची तयारी

आसंजक पत्र्याला नव्हे, तर पत्र्यावरील सर्वांत वरच्या थराला चिकटते. तो थर धूळ, मेण, तेल किंवा सुटत आलेला रंग असेल, तर सर्वांत महाग आसंजकही त्या थरासह निघून येते. म्हणून प्रथम धूळ व मेण काढून पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात, नंतर बारीक पॉलिश पेपरने हलके घासतात आणि पुन्हा पुसतात. गंज पूर्ण काढून तेथे गंजरोधक लेप देतात. ड्रिलने पाडलेल्या प्रत्येक छिद्राची उघडी कडही रंगवावी लागते. मोठ्या कामापूर्वी त्याच पत्र्यावर व त्याच लाकडाच्या तुकड्यावर नमुना चिकटवून तीन दिवसांनी तो ओढून पाहणे हा सर्वांत विश्वसनीय उपाय होय. आसंजकाचा थर मधोमध फाटून दोन्ही बाजूंना शिल्लक राहिला, तर पृष्ठभागावरील पकड चांगली आहे असे समजतात. एक बाजू अगदी स्वच्छ सुटली, तर तयारी अपुरी होती किंवा आसंजक त्या पदार्थाला अनुरूप नव्हते.

एकघटकी पॉलियुरेथेन व एमएस पॉलिमर बाहेरून आत घट्ट होत जातात. सामान्य परिस्थितीत २४ तासांत सुमारे २ ते ३ मि.मी. खोलीपर्यंत क्रिया पूर्ण होते. वरची साय धरली म्हणजे सांधा तयार झाला, असे नसते. रुंद सांध्याला आठवडाभर आधार देऊन ठेवणे आणि तोपर्यंत वाहन न चालविणे योग्य ठरते.

वसई-विरारच्या हवामानाचा परिणाम

वसई-विरार शहर समुद्रकिनाऱ्यालगत आहे. जून ते सप्टेंबर या काळात येथे दमटपणा फार वाढतो. या हवेचा प्रत्येक आसंजकावर वेगळा परिणाम होतो. पांढऱ्या आसंजकातील पाणी उडून जाण्यास अधिक वेळ लागतो, त्यामुळे शिकंजे लवकर काढल्यास सांधा उघडतो. बाष्पाने घट्ट होणाऱ्या आसंजकावर साय लवकर धरते, म्हणून नळकांड्यातून काढल्यावर भाग जोडण्यास कमी वेळ मिळतो. पृष्ठभाग ओला असेल तर पॉलियुरेथेनमध्ये बुडबुडे धरून थर सच्छिद्र होतो. संपर्क आसंजकातील विद्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतील बाष्प जमते आणि पांढुरकी झाक येते. या झाकेवर तसेच दाबून बसविलेले कापड काही दिवसांतच सुटते.

यासाठी पावसाळ्यात लेप व संपर्क आसंजकाचे काम सकाळच्या दवात किंवा पावसाच्या सरीत न करता, कोरड्या शेडमध्ये पंखा सुरू ठेवून दुपारच्या वेळी करणे श्रेयस्कर असते. अर्नाळा, राजोडी, कळंब यांसारख्या किनाऱ्यांजवळ उभ्या राहणाऱ्या वाहनावर मिठाचा सूक्ष्म थर बसतो. नुसत्या कोरड्या फडक्याने तो जात नाही. काम सुरू करण्यापूर्वी पत्रा गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळविणे आवश्यक ठरते. उन्हाळ्यात याउलट तापलेल्या पत्र्यावर आसंजक लावणे टाळतात. ऑक्टोबरनंतरची कोरडी हवा या कामास सर्वांत अनुकूल असते.

आरोग्य, आग आणि कायदा

निवासी वाहन ही काही घनमीटरांची बंद खोली असते. संपर्क आसंजकांतील टोल्यूइनसारख्या विद्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते आणि ठिणगीने पेटते. काम करताना सर्व दारे उघडी ठेवणे, बॅटरीची जोडणी काढणे आणि बिडी-सिगारेट, ग्राइंडर, वेल्डिंग दूर ठेवणे अत्यावश्यक आहे. पॉलियुरेथेनमधील आयसोसायनेटमुळे काहींना दम्यासारखा त्रास होऊ शकतो, म्हणून हातमोजे व मोकळी हवा आवश्यक असते. काम संपल्यावरही वास पूर्ण जाईपर्यंत वाहनात झोपू नये. लहान मुले व दम्याचे रुग्ण यांच्याबाबत ही दक्षता अधिक घ्यावी लागते.

वाहनाच्या आतील साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे, तर मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वाहन उद्योग मानक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. त्यामुळे आसने काढणे किंवा कायमचे फर्निचर बसविणे यापूर्वी नोंदणी प्राधिकाऱ्याकडे चौकशी करावी लागते. वसई-विरारमधील एमएच-४८ क्रमांकाच्या वाहनांसाठी ही चौकशी वसईच्या परिवहन कार्यालयात होते.

तपासणी व दुरुस्ती

आसंजकाचा सांधा सहसा एकाएकी तुटत नाही. कडेला केसाएवढी फट, नवा खडखडाट, दार नीट न लागणे, छताच्या कापडाला आलेला फुगा किंवा स्क्रूभोवतीचा गंज ही त्याची आधीची लक्षणे असतात. नव्या कामानंतर पहिल्या लांब प्रवासाअखेरीस, तसेच उन्हाळा व पावसाळा संपल्यावर सर्व सांधे हाताने हलवून पाहतात आणि बोल्ट तपासतात. सुटलेल्या सांध्यात वरून नवे आसंजक भरणे ही दुरुस्ती नव्हे. जुना थर कापून, पृष्ठभाग नव्याने तयार करून आणि सांधा का सुटला याचे कारण शोधूनच तो पुन्हा जोडावा लागतो. पुढे काढावे लागणारे भाग सुरुवातीपासूनच स्क्रूने बसविलेले असल्यास ही दुरुस्ती वाहनाच्या पत्र्याला इजा न करता होते.